बोर्डाचं ‘ड्रॉइंग’ म्हणजे नेमकं कोणतं?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचं पत्र्याच्या डब्यांचं काम आहे. गिऱ्हाईक सर्किट बोर्ड आणून टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, “ह्याला बसेल असा डबा करून द्या.” आम्ही ड्रॉइंग मागतो. दुसऱ्या दिवशी एक झिप येते. आत दहा-बारा फाइली, तांब्याची रेघन् रेघ बिनचूक. पण यूएसबीचं तोंड किती उंचीवर आहे, कडेबाहेर किती येतं, याचा त्यात पत्ताच नसतो. गिऱ्हाइकानं काही लपवलेलं नसतं. तांब्याचं ड्रॉइंग आणि मापाचं ड्रॉइंग पहिल्यापासून वेगवेगळ्या हातांत वाढली, त्याचा हा परिणाम आहे.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत बोर्ड नव्हताच. वाकवलेल्या पत्र्याची चासी असायची, खालून तारा जोडलेल्या. कुठे भोक पाडायचं ते चासीच्या ड्रॉइंगमध्ये, कोणती तार कुठे जाते ते सर्किट डायग्राममध्ये. पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन इंजिनिअरनं लंडनमध्ये १९३६च्या सुमारास छापील सर्किटवर, म्हणजे तारांऐवजी पाटीवरच्या तांब्याच्या रेघांवर, रेडिओ केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ही पद्धत तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये, म्हणजे गोळा फोडणाऱ्या यंत्रणेत, वापरली आणि १९४८मध्ये ती व्यापारासाठी खुली केली. आता तार म्हणजेच चित्र झालं, आणि ते चित्र कुणीतरी हातानं काढायला हवं होतं.

ते काम केलेले एक ड्राफ्ट्समन आमच्याकडे होते, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. पारदर्शक फिल्मवर रेघांसाठी काळी चिकटपट्टी आणि पार्ट जोडायच्या जागांसाठी गोल पॅड लावत मूळ मापाच्या दुप्पट किंवा चौपट आकाराचं चित्र तयार करायचं, मग कॅमेऱ्यानं ते लहान करायचं. दुप्पट चित्रात पट्टी एक मिलिमीटर सरकली तर बोर्डावर चूक अर्धाच मिलिमीटर, म्हणून एवढा खटाटोप. भाऊ कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये काढलेल्या त्या संस्थेत दादासाहेब फाळक्यांनी चित्रकलेबरोबर फोटोग्राफीचे धडे घेतले होते. बोर्डाच्या कामात रेघ आणि कॅमेरा ही तीच दोन कौशल्यं हातात हात घालून चालायची, आणि ती शिकवणारी जागा आपल्या गावात होती याचं मला फार अप्रूप आहे.

हाताच्या पट्ट्या पुढे यंत्रानं घालवल्या. जोसेफ गर्बर यांच्या अमेरिकन कंपनीचा फोटोप्लॉटर फिल्मवर प्रकाशानं रेघा काढायचा. त्याला दिलेल्या सूचना म्हणजेच आजची गर्बर फाइल, गिऱ्हाइकाच्या झिपमध्ये येते ती. अमुक ठिकाणी जा, प्रकाश चालू कर, तिथपर्यंत ओढ, बंद कर. रेघ किती जाड, ते यंत्रातल्या चकतीवरच्या छिद्रावर ठरायचं. छिद्रांची यादी वेगळ्या फाइलीत असे. ती हरवली की उरलेले आकडे निरुपयोगी. नंतरच्या आरएस-२७४एक्स रूपात ही यादी फाइलीच्या पोटातच आली. पण मुळात ती फिल्म रंगवण्याची भाषा. तिच्यात उंचीला जागाच नाही.

उंची राहिली मेकॅनिकलवाल्यांकडे. १९८२मध्ये ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरबरोबर रेघांच्या ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल आली, १९९४मध्ये लांबी-रुंदी-उंची तिन्ही सांगणाऱ्या फाइलीचं स्टेप हे आंतरराष्ट्रीय प्रमाण. बोर्डाची बाह्यरेषा आणि पार्टची उंची दोन्ही बाजूंना कळावी म्हणून १९९०च्या दशकात आयडीएफ ही फाइल निघाली. आज कायकॅडसारखं बोर्ड आखायचं मोफत सॉफ्टवेअरसुद्धा सगळा बोर्ड स्टेपमध्ये देतं. पण काढून पाठवायला कुणीतरी मागावं लागतं.

काय खुलं ठेवायचं, हा आणखी एक पदर. अर्डुइनो उनो या शिकाऊंच्या आवडत्या तयार बोर्डाच्या डिझाइन फाइली सगळ्यांना उघड आहेत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाचा पूर्ण लेआउट कंपनी देत नाही, मापांचं ड्रॉइंग मात्र देते. डबेवाल्याला तेवढं पुरतं. आणि हे मापही ठरत ठरत ठरलं. २०१२च्या पहिल्या रास्पबेरी पायला स्क्रूची भोकंच नव्हती, त्याच वर्षीच्या सुधारित बोर्डाला दोन आली आणि २०१४च्या बी प्लसपासून चार. ८५ बाय ५६ मिलिमीटरचा बोर्ड, भोकांच्या मध्यांतलं अंतर ५८ आणि ४९.

म्हणून आम्ही आता नुसतं ‘ड्रॉइंग’ मागत नाही. स्टेप द्या म्हणतो. नसेल तर बाह्यरेषेची डीएक्सएफ, भोकांच्या जागा सांगणारी ड्रिल फाइल आणि सर्वांत उंच पार्टचं माप. तेही नसेल तर व्हर्नियर, म्हणजे जबड्यांची मापपट्टी. त्याचे आतले जबडे एकेका भोकात घालून बाहेर ताणायचे. रास्पबेरी पायवर लांब बाजूला ६०.७ मिलिमीटर येतं. भोक २.७चं, तेवढं वजा केलं की ५८. भोकाचा व्यास जबड्यानं नीट येत नाही, ड्रिलची दांडी घालून पाहावी.

मग कागदावर एकास एक प्रिंट काढून बोर्ड त्यावर ठेवतो. प्रिंटर पानात बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतो, म्हणून कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ असते. आधी पट्टी त्या रेघेवर, मग बोर्ड, मग पत्रा.