सोंग उतरवून खुर्चीत बसलेला माणूस

१० एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने जाहीर केलं की डेव्हिड लेटरमननंतर ‘द लेट शो’ हा रात्रीचा टॉक शो विनोदवीर स्टीफन कोल्बेर सांभाळेल. लेटरमनने निवृत्ती जाहीर करून जेमतेम आठवडा झाला होता. रश लिम्बॉ या उजव्या विचारांच्या रेडिओ निवेदकाने लगेच आरोप केला की सीबीएसने साध्यासुध्या, गावाकडच्या अमेरिकेविरुद्ध युद्धच पुकारलंय. कोल्बेरच्या चाहत्यांनाही धास्ती वाटत होती, पण तिचं कारण निराळं होतं. ज्या कोल्बेरवर त्यांचा जीव होता, तो माणूस मुळात अस्तित्वातच नव्हता.

ही खुर्ची साधी नव्हे. अमेरिकेत रात्री साडेअकराला लागणाऱ्या टॉक शोची परंपरा १९५४ साली एनबीसी वाहिनीच्या ‘द टुनाइट शो’पासून सुरू होते. जॉनी कार्सनने १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं तो चालवला आणि सुरुवातीचे विनोदी मोनोलॉग, टेबल, बाजूला पाहुण्याची खुर्ची, वाद्यवृंद हा साचा घराघरांत पक्का केला. त्याच्या मागोमाग एनबीसीवरच १९८२पासून लेटरमनचा कार्यक्रम लागायचा. कार्सननंतर आपलाच नंबर, अशी लेटरमनची अपेक्षा होती. ती जागा जे लेनोला मिळाली. लेटरमनने एनबीसी सोडली आणि ३० ऑगस्ट १९९३ला सीबीएसवर, न्यूयॉर्कच्या एड सलिव्हन थिएटरमध्ये, ‘द लेट शो’ उभा केला. याच रंगमंचावरून १९६४ साली बीटल्स अमेरिकेला पहिल्यांदा टीव्हीवर थेट दिसले होते.

मे १९९४मधला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. लेटरमनच्या कार्यक्रमात कार्सन अचानक आला. लेटरमनने उठून स्वतःची खुर्ची त्याला दिली. कार्सन बसला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. तो काहीच न बोलता उठला आणि निघून गेला. त्यानंतर तो टीव्हीवर पुन्हा दिसला नाही. वारसा कुणाचा, हे त्यातून सगळ्यांना कळलं. कोल्बेरकडे आली ती ही खुर्ची.

आणि कोल्बेर येत होता तो अगदी वेगळ्या वाटेने. शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ नाट्यसंस्थेत आयत्या वेळी सुचेल ते करण्याच्या नाट्यप्रकारात तो घडला. १९९७ साली कॉमेडी सेंट्रल वाहिनीच्या ‘द डेली शो’ या बातम्यांचं विडंबन करणाऱ्या कार्यक्रमात खोट्या बातमीदाराची भूमिका करू लागला. १७ ऑक्टोबर २००५ला त्याचा स्वतःचा ‘द कोल्बेर रिपोर्ट’ सुरू झाला. त्यात तो स्टीफन कोल्बेर याच नावाचा एक बढाईखोर, पुराव्याला न जुमानणारा उजवा निवेदक व्हायचा. बिल ओरायलीसारख्या निवेदकांचं ते विडंबन होतं. पहिल्याच भागात त्याने ‘ट्रुथिनेस’ हा शब्द चालवला. पुरावा काहीही म्हणो, मनाला खरं वाटतं ना, मग ते खरंच, अशा वृत्तीचं हे नाव. २००६ साली मेरियम वेबस्टर शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं.

त्या सोंगाची धार दिसली २९ एप्रिल २००६ला, व्हाइट हाउसच्या वार्ताहरांच्या वार्षिक भोजनात. अध्यक्ष जॉर्ज बुश काही हातांवर बसले होते आणि कोल्बेर त्यांचा परमभक्त बनून त्यांची स्तुती करत होता. मी या माणसाच्या बाजूने उभा आहे, तो म्हणाला, कारण हा माणूस कशावर तरी उभा राहतो. विमानवाहू जहाजांवर, ढिगाऱ्यांवर, पुरात बुडालेल्या शहरांच्या चौकांत. शब्द कौतुकाचे, पण त्यातून इराक, अकरा सप्टेंबर आणि कतरिना वादळ ही तिन्ही प्रकरणं अध्यक्षांसमोर मांडून झाली. दालनात हशा बेताचाच होता. इंटरनेटवर मात्र ते भाषण झपाट्याने पसरलं. स्वतःच्या आवाजात हे कुणाला बोलता आलं नसतं. मुखवटा होता म्हणून जमलं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. २०११ साली कोल्बेरने तिथेही खोटं पुढे केलं नाही. निवडणुकीत अमर्याद पैसा ओतायची मुभा देणारी ‘सुपर पॅक’ नावाची व्यवस्था लोकांना समजावी म्हणून त्याने खरीखुरी सुपर पॅक नोंदवली, खरा वकील पडद्यावर बसवला आणि दहा लाख डॉलरहून जास्त देणग्या जमवल्या. कायद्यातली पळवाट पाठ्यपुस्तकापेक्षा त्या भागांतून जास्त लोकांना कळली असेल. त्या मालिकेला प्रसारमाध्यमांसाठीचा पीबडी पुरस्कार मिळाला.

मग मुखवट्याआड कोण होतं? अकरा भावंडांतला धाकटा. तो दहा वर्षांचा असताना, ११ सप्टेंबर १९७४ला, विमान अपघातात वडील आणि दोन भाऊ एकदमच गेले. नंतर घरात बराच काळ तो आणि आई. जून २०१३मध्ये आई वारली तेव्हा तो सोंग बाजूला ठेवून कॅमेऱ्यासमोर बसला. कार्यक्रम आवडत असेल तर ते इथे काम करणाऱ्या सगळ्यांमुळे, तो म्हणाला, पण मी आवडत असेन, तर ते आईमुळे. लेट शोवर कोण येणार याची पहिली झलक मला त्या काही मिनिटांत दिसते.

१८ डिसेंबर २०१४ला ‘रिपोर्ट’ संपला. २० मे २०१५ला लेटरमनने निरोप घेतला. लगेच जुना सेट मोडून थिएटरबाहेरच्या कचऱ्याच्या मोठ्या पेट्यांत टाकला गेला आणि चाहते त्यातले तुकडे उचलून घरी नेऊ लागले. आत डागडुजी होऊन अनेक वर्षं झाकला गेलेला जुना घुमट मोकळा झाला. ८ सप्टेंबरला कोल्बेरचा पहिला भाग आला.

तिसऱ्या भागात, १० सप्टेंबरला, उपाध्यक्ष जो बायडन पाहुणे होते. त्यांचा मुलगा बो मे महिन्यात गेला होता. १९७२ साली पत्नी आणि लहान मुलगी अपघातात गेली होती. अध्यक्षपदाची निवडणूक लढवणार का, हा प्रश्न साऱ्या देशाला पडलेला. दोघे बोलले ते दुःखाबद्दल आणि श्रद्धेबद्दल. कोल्बेर विनोदाची घाई न करता ऐकत होता. सोंगातल्या कोल्बेरला ही मुलाखत घेता आली नसती, कारण त्याला ऐकायची सवयच नव्हती.

तरी पहिलं वर्ष अवघड गेलं. एनबीसीवर ‘द टुनाइट शो’चा जिमी फॅलन पुढे होता आणि कोल्बेरचा सूर लागत नव्हता. जुलै २०१६मध्ये पक्ष अधिवेशनांच्या काळात त्याने जुनं पात्र परत आणलं, तर पात्राची मालकी सांगणाऱ्या कंपनीच्या वकिलाचा निरोप आला. ज्याचं नाव, त्यालाच ते सोंग वापरायची मनाई! त्याने मग त्या पात्राचा हुबेहूब दिसणारा चुलतभाऊ पडद्यावर आणला. पण सूर खरा सापडला तो ट्रम्प निवडून आल्यावर. रोजच्या बातम्यांवर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मताने बोलणं सुरू झालं आणि २०१७मध्ये एकूण प्रेक्षकसंख्येत त्याने फॅलनला मागे टाकलं.

जुलै २०२५मध्ये सीबीएसच्या मालक कंपनीने, पॅरामाउंटने, ट्रम्प यांच्या एका दाव्यात एक कोटी साठ लाख डॉलर देऊन तडजोड केली. तिच्या विलीनीकरणाला तेव्हा सरकारी मंजुरी मिळायची होती. कोल्बेरने प्रक्षेपणातच या तडजोडीला घसघशीत लाच म्हटलं. तीन दिवसांनी, १७ जुलैला, ‘द लेट शो’ मे २०२६मध्ये बंद होणार असल्याचं जाहीर झालं. निर्णय निव्वळ आर्थिक असल्याचं वाहिनीने सांगितलं. तारखा इतक्या चिकटून आहेत की मला ते स्पष्टीकरण पुरेसं वाटत नाही.

ती बातमी त्याने एड सलिव्हन थिएटरमधल्या प्रेक्षकांना स्वतःच दिली. लोक नाराजीने ओरडू लागले. तो म्हणाला, तुम्हाला वाटतंय तेच मलाही वाटतंय. मग त्याने सांगितलं की आपल्या जागी दुसरं कुणी येणार नाही, हा कार्यक्रमच संपतोय.