जुनी कार घेतल्यावर विमा आपल्या नावावर कसा करायचा?

जुन्या गाडीचा व्यवहार ठरताना विकणारा सांगतो, ‘इन्शुरन्स अजून सहा महिने आहे, फुल आहे.’ ते खरं असलं तरी ती पॉलिसी त्याच्या नावावर असते. गाडी तुमची झाली की त्या एकाच पॉलिसीतल्या प्रत्येक संरक्षणाचं काय होतं, ते वेगवेगळं आहे.

थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा मृत्यू, इजा किंवा नुकसान झाल्यास मिळणारं संरक्षण, मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १५७नुसार हस्तांतराच्या तारखेपासून तुमच्याकडे आल्याचं मानलं जातं. अपघात, चोरी, आग, पूर यांत स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा ओन डॅमेज भाग मात्र आपोआप येत नाही. झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) सारखे ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षणं, याच भागावर बसवलेले असल्याने तेही अडकतात. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा जुन्या मालकाचा असतो, तो तुमच्या नावाने नव्याने घ्यावा लागतो. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो विकणाऱ्याकडेच राहतो.

विमा कंपनीला हस्तांतराच्या तारखेपासून १४ दिवसांत लेखी अर्ज करायचा. त्यात गाडीचा नोंदणी क्रमांक, हस्तांतराची तारीख, जुन्या मालकाचं नाव, पॉलिसी क्रमांक हवा. सोबत तुमच्या सहीचा नवा प्रपोजल फॉर्म, जुनी पॉलिसी, आरसीची प्रत, मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ व ३० आणि आरटीओची पावती, जुन्या मालकाचं संमतिपत्र, पॅन-आधार. गाडीवर कर्ज होतं तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५. कंपनी गाडीची तपासणीही करते. जुने पोचे-ओरखडे तेव्हाच नोंदले जातात.

नव्या नावाची आरसी यायला वेळ लागतो. तिची वाट पाहत १४ दिवस घालवू नका. अर्ज आधी द्या, पोच घ्या, आरसी नंतर जोडा.

हस्तांतर शुल्क किरकोळ असतं, खरा खर्च बोनसच्या फरकाचा. समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० रुपये होता आणि जुन्या मालकाला ५० टक्के बोनस मिळाला होता. म्हणजे वर्षाची सूट ४,००० रुपये. सहा महिने उरले असतील तर साधारण २,००० रुपये आणि जीएसटी तुम्हाला भरावा लागेल. गाडीची किंमत ठरवतानाच हा आकडा धरा.

दावा नाकारला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आरसी नव्या नावावर, पॉलिसी जुन्याच नावावर. अशा वेळी गाडी चोरीला गेली तर जुन्या मालकाला पैसे मिळत नाहीत, कारण गाडी त्याची उरलेली नसते. तुम्हालाही नाहीत, कारण कंपनीशी करार तुमचा नसतो. दुसरं कारण सीएनजी किट. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे नोंदलेलं आहे का, हे पैसे देण्याआधी बघा.

विकणाऱ्यांनीही आरसीवरचं नाव बदलल्याची खात्री करावी. तोवर कायद्याच्या नजरेत मालक तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदणीकृत मालकावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ठेवली आहे. बोनस राखून ठेवल्याचं पत्र कंपनीकडून मागून घ्यावं. ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या कारच्या ओन डॅमेज हप्त्यात वापरता येतं.