आठ तारांचा आवाज दुप्पट का होत नाही

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्यावर वाद्यांचं एक जुनं दुकान आहे. आषाढीच्या आधी तिथं पाय ठेवायला जागा नसते. कुणी पखवाजाला शाई भरून घ्यायला आलेलं असतं, कुणी पेटीचा भाता फाटला म्हणून, कुणी टाळांची जोडी कानाशी धरून वाजवून बघत असतं. आमच्या भाच्याला मात्र मॅन्डोलिन हवं होतं. कुठल्याशा रीलमध्ये त्यानं ते ऐकलं होतं आणि आठ दिवस त्याच्या डोक्यातून ते जाईना.

दुकानदारांनी आकडीच्या काठीनं वरची तीन मॅन्डोलिनं खाली उतरवली आणि फडक्यानं धूळ झटकली. तिन्हींवरची नावं मी जन्मात ऐकलेली नव्हती. एकावरचा तर नावाचा स्टिकरच अर्धा उडालेला. किमतीचं बोलणं निघालं तसे ते म्हणाले, "सर, आठ तारा हायेत बगा. चारच्या जागी आठ, म्हणजे डबल आवाज. सरळ हिशेब हाय."

हिशेब सरळ वाटतो, पण तो चुकतो. कसा, हे सांगण्यासाठीच हा लेख. पगारापुरतं मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, आणि तारांच्या जोडीत लपलेलं भौतिकशास्त्र हे माझं जुनं वेड आहे.

आधी वाद्याची ओळख उरकून घेऊ. मॅन्डोलिनला चार जोड्यांत आठ तारा असतात. सूर व्हायोलिनचेच, म्हणजे सेकंदाला साधारण 196, 294, 440 आणि 659 कंपनं. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावायच्या. घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती उभी पट्टी) वरच्या पट्टीपर्यंतची लांबी जेमतेम 35 सेंटिमीटर. आमच्या पुढ्यातलं एक मॅन्डोलिन थेंबाच्या आकाराचं होतं. दुसऱ्याची पाठ कलिंगडाच्या फोडीसारखी गोल, ही नेपल्सची जुनी घडण. तिसऱ्याच्या खांद्याला गोगलगाईसारखं वळण होतं. ही अमेरिकी तऱ्हा, तिचं मूळ 1898 साली पेटंट मिळवणाऱ्या ऑर्व्हिल गिब्सनपर्यंत जातं. आपल्याकडे हे वाद्य घरोघरी पोचलं ते सिनेमामुळे. संगीतकार सज्जाद हुसेन मॅन्डोलिनवरच्या हुकमतीसाठी ओळखले जायचे, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातले लक्ष्मीकांत मुळात मॅन्डोलिनवादक होते. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीत त्यावर वाजवलं. पण त्यांनी जोड्याच काढून टाकल्या आणि एकेरी पाच तारांचं, विजेवरचं मॅन्डोलिन घेतलं. म्हणजे जोडी नसली तरी मॅन्डोलिन वाजतं. मग जोडी असते तरी कशाला?

आवाज वाढतो, हे खरं. दोन तारा अगदी पावलाला पाऊल लावून हलल्या तर आवाज 6 डेसिबलनं वाढतो. आपापल्या तालात हलल्या तर सरासरी 3 डेसिबलनंच. आणि कानाला आवाज "दुप्पट" वाटायला 10 डेसिबलच्या आसपास वाढ लागते. दुकानदारांना मी हे सांगितलं, तर ते फक्त "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ लातूरकरांना वेगळा सांगायला नको.

मग प्रयोगच केला. खिशात एसटीचं तिकीट होतं. त्याची घडी करून जोडीतल्या एकाच तारेखाली खुपसली, की ती तार मुकी झाली. आधी एकटी तार छेडली, मग तिकीट काढून जोडी छेडली. रस्त्यावरच्या हॉर्नांत हे ऐकणं अवघड, म्हणून पंखाही बंद करायला लावला. एकट्या तारेचा आवाज एकाच चालीनं विझत गेला. जोडीचा आवाज आधी जोरात आला, चटकन खाली पडला आणि मग एक बारीक शेपूट बराच वेळ रेंगाळत राहिली. भाचा म्हणाला, "मामा, हे दोनदा संपतंय." मला नेमकं हेच त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

आता नागपंचमीचा झोका आठवा. चिंचेच्या एकाच आडव्या फांदीला शेजारी शेजारी दोन झोके बांधलेत. दोन्ही पोरी एकदम पुढं आणि एकदम मागं जात असतील, तर प्रत्येक हेलकाव्याला फांदी दोघींच्या ओढीनं वाकते, करकरते, पानं सळसळतात. झोक्यांची ऊर्जा फांदीत जाते आणि ते लवकर मंदावतात. पण एक पुढं असताना दुसरी मागं असेल, तर एकीची ओढ दुसरीच्या ओढीला खोडते. फांदी जवळजवळ हलत नाही, ऊर्जा झोक्यांतच अडकून राहते आणि झोके खूप वेळ चालतात.

मॅन्डोलिनमधली फांदी म्हणजे घोडी. तार स्वतः फार थोडी हवा हलवते. आपण ऐकतो तो आवाज घोडीनं हलवलेल्या तबलीचा, म्हणजे वाद्याच्या तोंडावरच्या पातळ फळीचा असतो. म्हणून दोन तारा एकत्र चालल्या की घोडी जोरात हलते, आवाज मोठा येतो, आणि तारांचं भांडवल भराभर संपतं, एकट्या तारेच्या दुप्पट वेगानं. उलट चालल्या तर घोडी थबकते. आवाज बारीक, पण भांडवल शिल्लक. मोठा आवाज आणि टिकणारा आवाज, दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून होतो.

पियानोच्या तारांबाबत हे नीट मांडलं ते गेब्रिएल वाइनरिक या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं, 1977 मध्ये. पियानोतही बहुतेक सुरांना दोन किंवा तीन तारा असतात, आणि त्याचाही आवाज असाच दोन टप्प्यांत विझतो. शेपूट कुठून येते? हातोडा दोन्ही तारांना तंतोतंत सारखा लागत नाही, आणि तारा तंतोतंत एका सुरात नसतात. म्हणजे सुरुवातीच्या "एकत्र" हालचालीत थोडीशी "उलट" हालचाल मिसळलेलीच असते. एकत्र भाग खर्च होऊन जातो, उलट भाग उरतो. तीच शेपूट.

इथून पुढचं थोडं चिकट आहे, पण मला ते गाळवत नाही. दोन तारांत थोडा फरक असला की बीट्स ऐकू येतात, हे पुस्तकात आहे. 440 आणि 442 असेल तर सेकंदाला दोनदा "वाव-वाव". (लातुरात नीटची तयारी करणाऱ्या पोराला झोपेतून उठवलं तरी तो हे सूत्र म्हणून दाखवेल. बीट्स ऐकलेला पोरगा मला अजून भेटायचाय.) पुस्तक मात्र असं गृहीत धरतं, की दोन्ही तारांचा एकमेकींशी काही संबंध नाही. इथं तर त्या एकाच घोडीवर बसल्यात. घोडी एकीची ऊर्जा दुसरीला पोचवते. त्यामुळे बीट्स संपायला फरक शून्यच व्हावा लागतो असं नाही, तो एका मर्यादेपेक्षा कमी झाला की ते नाहीसेच होतात. दोन्ही तारा एकाच वारंवारतेत बांधल्या जातात, आणि फरक दिसतो तो फक्त विझण्याच्या वेगात. दोन मिश्र हालचाली उरतात, एक पटकन विझणारी आणि एक रेंगाळणारी. मर्यादेच्या बाहेर बरोबर उलटं होतं. विझण्याचा वेग दोघींचा सारखा, वारंवारता वेगळ्या. ही मर्यादा घोडी किती ऊर्जा खाते यावर ठरते. म्हणजे त्याच तारा वेगळ्या लाकडावर चढवल्या तर "सुरात आहे" याचा अर्थच किंचित बदलतो. कागदावर हे एका वर्गमुळात मावतं. वर्गमुळाच्या आतली संख्या ऋण झाली की बीट्स गायब. हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मला झोप नव्हती.

मॅन्डोलिनला याच्यावर आणखी एक गंमत आहे. नखी, म्हणजे तार छेडायचा चपटा तुकडा, जोडीतल्या दोन्ही तारांना एकदम लागत नाही. तारांत दोन-अडीच मिलिमीटर अंतर धरा आणि नखीचा वेग सेकंदाला एक मीटर. दुसरी तार दोन-अडीच मिलिसेकंद उशिरा सुटते. 440 च्या तारेचं एक पूर्ण कंपनच मुळी 2.27 मिलिसेकंदांचं! म्हणजे हात जरा हळू किंवा जलद गेला, की तारा एकत्र सुटणार की उलट, हे बदलतं. एकाच वादकाचे, एकाच तारेवरचे दोन आघात हुबेहूब सारखे नसतात ते यामुळेही. एकामागून एक भराभर आघात करून सूर लांबवण्याची मॅन्डोलिनची जी ओळखीची लकेर आहे, तिच्यातली चमचम मला तरी इथूनच येते असं वाटतं.

आपल्या मातीतल्या वाद्यांत तुणतुण्याला एकच तार. गोंधळ्याला संबळाच्या दणक्यात तेवढी पुरते. तंबोऱ्याला मधली जोडी असते, पण तिथं दोन्ही तारा सावकाश, एकीमागून एक छेडतात. जोडी एका फटक्यात वाजवायची ही मॅन्डोलिनची तऱ्हा तिसरीच.

सूर लावायला मी मोबाइलवरचं अॅप उघडलं, तर भाचा म्हणाला, "मामा, 432 ला लाव ना. ते विश्वाचं कंपन आहे." व्हॉट्सअॅपवर आलं होतं म्हणे. 440 हा आकडाही काही आकाशातून पडलेला नाही. 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत तो ठरला, पुढं आंतरराष्ट्रीय मानक झाला. पण 432 त्याहून "नैसर्गिक" कसा असेल? आकडा आहे सेकंदाला इतक्या कंपनांचा. आणि दिवसाचे 86,400 भाग करून सेकंद आखला माणसानंच. दिवसाचे एक लाख भाग केले असते, तर त्याच सुराचा आकडा 373 च्या घरात आला असता. मग विश्वानं आपलं कंपन बदललं असतं का? आमचे भजनी बुवा गळ्याप्रमाणे काळी एक धरतात नाहीतर पांढरी चार. पांडुरंगानं आजवर तक्रार केलेली नाही.

आता खरेदीचं. दुकानात लोक लाकूड ठोकून बघतात, पॉलिश बघतात. मी तारा ताणायच्या चाव्या बघितल्या. हिशेब असा. सर्रास मिळणाऱ्या चावीचे 16 फेरे झाले की तार गुंडाळणारा खुंट एकदा फिरतो. खुंट सहा मिलिमीटर जाडीचा धरला, तर चावीच्या एका फेऱ्यात तार सव्वा मिलिमीटरच्या आसपास ओढली जाते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पोलादी तार आधीच सात-आठ किलोच्या ताणात असते. आठही मिळून सोयाबीनच्या भरल्या पोत्याएवढा ताण ते एवढंसं लाकूड पेलत असतं. अशा तारेला चावीचा एक अख्खा फेरा जवळपास चार अर्धस्वर, म्हणजे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून लगतच्या चार पट्ट्या, वर नेतो. अर्धस्वराचा शंभरावा भाग हवा असेल तर चावी फिरायला हवी एक अंश. घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो तेवढी. आणि 440 च्या सुरात त्या एका अंशानं सेकंदाला पाव बीट इकडची तिकडे होते. जोडीचा सगळा खेळ याच पाव बीटच्या आसपास चालतो.

गोल पाठीच्या मॅन्डोलिनचा आवाज मला तिघांत गोड वाटला, पण त्याच्या दोन चाव्या आधी थोड्या मोकळ्याच फिरायच्या आणि मग एकदम पकड घ्यायच्या. वळणदार खांद्याचं महाग होतं आणि त्याची घोडी सरकलेली होती. मॅन्डोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते, त्यामुळे तो काही मोठा दोष नाही. बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट येईपर्यंत ती हलवायची, एवढंच. तरी किमतीपुढं इलाज नव्हता. शेवटी घेतलं ते अर्ध्या स्टिकरचं, थेंबाच्या आकाराचं. दुकानदारांनी त्याच्या चाव्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला आणि भाच्याला सांगितलं, "तार उतरवत सुरात आणायची नाय. पयली खाली न्यायची, मग चढवत आणायची, म्हंजी आटं घट्ट बसतंय." आट्यांमधली मोकळीक कशी काढायची, याचं इतकं नेमकं उत्तर मला वर्गात कधी मिळालेलं नाही.

एसटीत बसल्यावर भाच्यानं जोडी छेडून बघितली. सकाळी लावलेली, दुपारच्या उन्हात चांगली खाली उतरली होती, पण दोन्ही तारा मिळून.