दूरध्वनीवरील दुभाषी सेवा (रुग्णसेवा)

दूरध्वनीवरील दुभाषी सेवा : डॉक्टर व रुग्ण यांना एकमेकांची भाषा येत नसेल, तर दुसरीकडे बसलेल्या प्रशिक्षित दुभाष्याला फोनवर घेऊन बोलणे करण्याची पद्धत. इंग्रजी ही कारभाराची भाषा असलेल्या आणि स्थलांतरितांची संख्या मोठी असलेल्या देशांत ती विशेष रुजली.

पहिली मोठी सरकारी सेवा ऑस्ट्रेलियाची. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया इथून लाखो लोक त्या देशात आले. कारखान्यांनी त्यांना सामावून घेतले, दवाखान्यात मात्र त्यांचे अडू लागले. 1973 मध्ये सिडनी व मेलबर्न इथे तातडीच्या प्रसंगांसाठी फोनवरचे दुभाषी उपलब्ध झाले. तीच सेवा पुढे ‘टिस नॅशनल’ (टिस म्हणजे ट्रान्सलेटिंग अँड इंटरप्रिटिंग सर्व्हिस) नावाने देशभर पसरली. ती चोवीस तास चालते आणि दीडशेहून अधिक भाषांत मिळते. अमेरिकेत सुरुवात झाली ती पोलीस खात्याच्या गरजेतून. कॅलिफोर्नियातील सॅन होजे इथल्या एका पोलीस अधिकाऱ्याने व्हिएतनामी निर्वासितांशी बोलता यावे म्हणून 1982 मध्ये एका भाषाशिक्षकासह ‘लँग्वेज लाइन’ उभी केली; पुढे ती मोठी कंपनी झाली आणि रुग्णालये तिची मोठी ग्राहक बनली. तिथे याला कायद्याचाही आधार आहे. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला मूळ देशावरून भेदभाव करता येत नाही, आणि भाषेअभावी उपचार नीट न मिळणे हा त्याचाच एक प्रकार मानला गेला.

कामाची रीत सोपी आहे, पण ती पाळावी लागते. डॉक्टर सेवेचा नंबर लावून भाषा सांगतात. नेहमीच्या भाषांचा दुभाषी बहुधा काही मिनिटांत मिळतो. दुर्मिळ भाषेसाठी वेळ आधी ठरवलेली बरी. भाषेचे नाव नेमके सांगावे लागते. रुग्ण चिनी आहे एवढ्याने भागत नाही, मँडरिन की कँटोनीज हे कळायला हवे. दुभाष्याला खोलीतले काहीच दिसत नसल्याने खोलीत कोण कोण आहे आणि विषय काय आहे, हे त्याला सुरुवातीलाच सांगतात. फोन स्पीकरवर असतो, किंवा एकाच फोनला दोन रिसीव्हर जोडलेले असतात. डॉक्टरांनी रुग्णाकडे पाहून थेट त्यालाच विचारायचे : ‘तुम्हाला कुठे दुखतं?’ ‘त्यांना विचारा, कुठे दुखतं’ असे म्हणायचे नाही. दुभाषीही ‘मी’ म्हणून बोलतो, तो ‘मी’ रुग्णाचा असतो. एक-दोन वाक्यांनंतर थांबायचे. ‘इथे दुखतं’ म्हणून रुग्णाने बोट ठेवले, तर ते बोट कुठे आहे हे डॉक्टरांनी मोठ्याने म्हणायचे. शेवटी, औषध कसे घेणार हे रुग्णाकडूनच वदवून घ्यायचे. ही पायरी घाईत हमखास गळते, आणि डोसच्या चुका तिथेच होतात.

एवढा खटाटोप कशाला, सोबत मुलगा आहेच की, असे डॉक्टरांना वाटते आणि रुग्णालाही. खरी अडचण तिथेच आहे. डॉक्टर विचारतात, ‘इन्शुलिन रोज घेता का?’ आई सांगू लागते की गुडघे धरल्यापासून कधी कधी राहून जाते. तिचे वाक्य संपायच्या आत मुलगा इंग्रजीत म्हणतो, ‘हो, रोज घेते.’ तो खोटे बोलत नाही, त्याची तशी समजूत असते. कर्करोगाचे निदान मुलगी आईला सांगतच नाही. सासू शेजारी बसली असताना मारहाणीचा विषय सून काढत नाही. शाळकरी पोराला आईच्या पाळीचे प्रश्न विचारायला लावणे तर सरळ अन्याय आहे. अमेरिकेत 2016 च्या आरोग्य नियमांनी आणीबाणी वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषी करण्यावर बंधन आणले. फोनवरच्या दुभाष्याचा आणखी एक फायदा लहान समाजात जाणवतो : तो दुसऱ्या शहरातला असू शकतो, त्यामुळे रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात समोर येण्याची धास्ती कमी राहते.

मर्यादाही ठळक आहेत. ऐकू कमी येणारे वृद्ध, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, गंभीर निदान सांगण्याचा प्रसंग, मानसोपचार या ठिकाणी समोर बसलेला दुभाषी बरा. खुणांच्या भाषेला व्हिडिओ लागतोच. शिवाय प्रत्येक वाक्य दोनदा बोलले जाते, म्हणून भेटीचा वेळ वाढवून घ्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियात मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याला पात्र रुग्णांसाठी खासगी डॉक्टरांना ही सेवा मोफत मिळते. नातवंडांना भेटायला पाहुण्यांच्या व्हिसावर गेलेले मराठी आईवडील मात्र त्यात बसत नाहीत. पाहुण्यांनाही मेडिकेअरचा लाभ देणारा परस्पर करार ऑस्ट्रेलियाने काही देशांशी केला आहे, भारताशी तसा करार नाही. त्यांच्यासाठी दुभाष्याची सोय आहे का, हे दवाखान्यात वेळ घेतानाच विचारून ठेवावे.

महाराष्ट्रात ही पद्धत रूढ झालेली नाही. मेळघाटात कोरकू किंवा भामरागडला माडिया बोलणारा रुग्ण आला, की तिथली परिचारिका, आशा कार्यकर्ती किंवा सोबतचा नातेवाईकच दुभाषी होतो. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी दुसरी वाट धरली : ते स्वतःच माडिया शिकले.