पोल्पेत्ते

इटलीत घरोघरी होणारे मांसाचे गोळे. एकवचन पोल्पेत्ता. कच्च्या खिम्याचेही ते करतात, पण या पदार्थाचा खरा संसार आदल्या दिवशी उरलेल्या मांसावर आणि कडक झालेल्या पावावर चालत आला आहे. त्यामुळे पोल्पेत्त्यांची अस्सल कृती कोणती, हा प्रश्नच जरा फसवा आहे. काल घरात काय उरले, त्यावर आजची कृती ठरते.

नावाचे मूळ ‘पोल्पा’, म्हणजे गर किंवा बिनहाडाचे मांस. १५व्या शतकातील आचारी मार्तिनो दा कोमो याच्या पाककृतींत पोल्पेत्ते आहेत, पण ते गोळे नव्हेत. मांसाचे पातळ काप, त्यांवर मीठ, बडीशेप आणि चिरलेला पाला, मग गुंडाळी करून सळईवर भाजायचे. गोळा हा अर्थ नंतर रुळला.

उत्तर इटलीत बोल्लीतोचे, म्हणजे उकडलेल्या मांसाचे जेवण मानाचे. मांसाचा मोठा तुकडा गाजर, कांदा आणि सेलरीबरोबर काही तास मंद आचेवर ठेवतात. त्याचे पाणी सूप म्हणून संपते, मांस मात्र उरते. दुसऱ्या दिवशी ते कोरडे आणि चिवट झालेले असते, कारण त्याची निम्मी चव कालच पाण्यात उतरलेली असते. ते नुसते गरम करून वाढले तर ताटात तसेच राहते. तेच बारीक चिरून, त्यात दुधात भिजवून पिळलेला पाव, अंडे, किसलेले परमेझान चीज, पार्सली आणि जायफळ घालून मळले, गोळे किंचित चपटे करून पावाच्या चुऱ्यात घोळवून तळले, की घरातली मुले परत मागून खातात.

पाव केवळ भर म्हणून घालतात, हा समज अर्धाच खरा. कच्च्या खिम्यात मीठ घालून मळले की मांसातील प्रथिने चिकट होतात आणि गोळा आपोआप धरतो. शिजलेल्या मांसातली प्रथिने आधीच आवळलेली असतात. कितीही मळा, चिकटपणा येत नाही. तिथे बांधण्याचे काम अंडे करते आणि भिजलेल्या पावातला स्टार्च ओल धरून ठेवतो. अंडे कमी पडले तर गोळा तेलात फुटतो, पाव जास्त झाला तर आत गिच्च राहतो. हे प्रमाण सांगून येत नाही, हाताला कळावे लागते. इटालियन पाककृतींत ‘क्वांतो बास्ता’ असे लिहिलेले असते, म्हणजे ‘पुरेल इतके’. आपल्याकडे ‘अंदाजाने घाल गं’ म्हणतात, तेच हे.

पेल्लेग्रिनो आर्तुझी (१८२०–१९११) याने १८९१ मध्ये स्वखर्चाने छापलेला पाककृतींचा संग्रह इटलीच्या स्वयंपाकघरांत घराघरांत पोचला. पोल्पेत्त्यांपाशी येऊन तो म्हणतो की हा पदार्थ शिकवण्याचा माझा दावा नाही, तो सगळ्यांनाच येतो, अगदी गाढवापासून. मनुष्यजातीला पहिला नमुना बहुधा त्यानेच दिला. हा विनोद कशावर बेतला आहे ते सांगायला नको. पण लगेच तो उकडून उरलेल्या मांसाची कृती देतो आणि त्यात बेदाणे व चिलगोज्यांसारख्या पाइनच्या बिया घालतो. त्याचा स्नेही, कवी आणि बोलोन्याचा ग्रंथपाल ओलिंदो ग्वेर्रिनी याने तर पानावर उरलेल्या अन्नाचे काय करावे या एकाच विषयावर पुस्तक लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १९१८ साली, महायुद्धाच्या टंचाईत प्रसिद्ध झाले.

मिलानमध्ये याच गोळ्यांना मोंदेगीली म्हणतात. त्यांत लिंबाची किसलेली साल असते आणि ते लोण्यात तळतात. नाव स्पॅनिश ‘आल्बोंदिगा’च्या कुळातले, मिलानवर १५३५ ते १७०६ स्पेनची सत्ता होती. त्याच्याही मागे अरबी ‘अल्‌-बुंदुक’ आहे, म्हणजे हेझलनट, त्यावरून छोटी गोळी. पोर्तुगीज ‘अल्मोंदेगा’ही याच मुळातून आले. फारसी ‘कोफ्ता’ मात्र वेगळ्या घराण्यातला; तो ‘कुटणे’ या क्रियेवरून आला.

दक्षिणेत मांस महाग, म्हणून पावाचा वाटा जास्त. आब्रुझ्झोतल्या ‘पाल्लोत्ते’ गोळ्यांत मांसच नसते. चीज, अंडे आणि शिळा पाव एवढेच, आणि ते टोमॅटोच्या रश्शात सोडतात. त्याच प्रांतात तेरामोला पास्त्यात बोराहूनही लहान मांसगोळ्या घालतात. स्पॅगेटीवर लिंबाएवढे गोळे ठेवलेले ताट ही अमेरिकेत गेलेल्यांची निर्मिती. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन, बहुतेक दक्षिणेकडचे, तिकडे गेले. तिथे मांस परवडू लागले, तसे गोळे मोठे झाले आणि त्यांतला पाव कमी झाला. इटलीतली आजी हे ताट पाहून नाक मुरडते.

शिळ्याबद्दलचा संकोच तिथेही आहे. मिटलेले प्रकरण पुन्हा उकरले की इटालियन लोक त्याला ‘मिनेस्त्रा रिस्काल्दाता’, म्हणजे पुन्हा गरम केलेले सूप म्हणतात. आपली शिळ्या कढीला ऊत आणण्याची म्हण इथे शेजारी येऊन बसते. पोल्पेत्ता या टोमण्यातून सुटतो, कारण त्याचे रूपच बदललेले असते. फोडणीच्या पोळीला तरी शिळी कोण म्हणते? मात्र उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेले असावे, तीन-चार दिवसांत संपावे आणि गोळा आतपर्यंत वाफाळता गरम झालेला असावा.

रूप बदलण्याचा दुसरा परिणाम म्हणजे संशय. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून पोल्पेत्ते खावेत तर ओळखीच्या हातचे, असे मानणारे बरेच. ‘विषारी पोल्पेत्ता’ हा शब्दप्रयोग कुत्र्यांना घालायच्या विषाच्या गोळ्यांवरून आला आणि आता राजकारणात, मुद्दाम पेरलेल्या बातमीसाठी वापरतात. याच मिश्रणाचा लांबट मोठा लोडही भाजतात, कधी मध्ये अख्खे उकडलेले अंडे ठेवून. त्याला पोल्पेत्तोने म्हणतात, आणि सगळे काही कोंबलेल्या, संपता न संपणाऱ्या चित्रपटालाही.