पार्श्वभूमी : रेडिओग्राफरचं शिकणं संपत का नाही

१८९६ साली क्ष-किरणांची नळी नीट चालतेय की नाही हे पाहायची रीत साधी होती. नळी सुरू करायची, समोर चमकणारा पडदा धरायचा आणि मध्ये स्वतःचा हात घालायचा. हाडं कशी दिसतात त्यावरून किरण 'कडक' (जास्त आरपार जाणारे) की 'मऊ' (कमी) ते ठरायचं. दिवसातून कितीतरी वेळा, आणि दर वेळी हात तोच. एडिसनच्या प्रयोगशाळेत हे काम करणाऱ्या क्लॅरेन्स डॅलीचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. त्याची अवस्था पाहून एडिसनने त्याच्या मृत्यूआधीच क्ष-किरणांचा नाद सोडला होता. १९३६ मध्ये हॅम्बुर्गला अशा बळींचं स्मारक उभं राहिलं तेव्हा त्यावर १६९ नावं कोरली होती.

आज एक्स-रे काढणारे रेडिओग्राफर आणि किरणांनी उपचार करणारे रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट यांना अनेक देशांत नोंदणी टिकवायची तर शिकत राहावं लागतं, बऱ्याच ठिकाणी त्याचे तास किंवा क्रेडिट मोजून दाखवावे लागतात. या सक्तीला कंटाळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं नाही. पण ती आली कुठून हे बघायचं तर एकच प्रश्न धरून मागे जावं : या कामात आपली चूक आपल्याला कोण सांगतं?

सुरुवातीला कातडी सांगायची. तेही उशिरा.

१९१३ मध्ये अमेरिकन संशोधक कूलिजची नवी क्ष-किरण नळी आली आणि तेच आकडे लावले की तोच परिणाम मिळू लागला. तंत्र आता शिकवता येण्याजोगं झालं. १९२० मध्ये ब्रिटनमध्ये रेडिओग्राफरांची सोसायटी स्थापन झाली, त्याच वर्षी अमेरिकेत एड जर्मन यांच्या पुढाकाराने तंत्रज्ञांची संघटना निघाली आणि १९२२ मध्ये तिथे नोंदणीची परीक्षा सुरू झाली. कल्पना अशी, की एकदा परीक्षा द्यायची, नाव नोंदवायचं, आणि मग जन्मभर काम करायचं. पुढची कित्येक दशकं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण शिकवणी रोज चालूच होती. ती डार्करूममध्ये.

फिल्म डेव्हलपरमधून बाहेर काढली की निकाल हातात. एक्स्पोजर, म्हणजे किरणांचा मारा, जास्त झालं असेल तर फिल्म काळी, कमी पडलं तर फिकी. वरिष्ठ ती व्ह्यू-बॉक्सवर, म्हणजे उजेडाच्या पेटीवर, लावून बघायचे आणि वाया गेलेल्या फिल्मचा हिशेब ठेवला जायचा. रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागायचं ती शरम वेगळीच. चुकीची खूण डोळ्यांसमोर राहायची.

१९८०च्या दशकात फिल्मची जागा संगणकाला जोडलेल्या प्लेटने घ्यायला सुरुवात केली आणि ही शिकवणी बंद पडली. डिजिटल प्रतिमेत किरणांची मात्रा कमी पडली तर चित्र दाणेदार येतं आणि वाचणारा डॉक्टर तक्रार करतो. जास्त झाली तर संगणक उजेड-अंधार जुळवून घेतो आणि चित्र उलट अधिक सुबक दिसतं. तक्रार एकाच बाजूने येत असेल तर माणूस कुठल्या बाजूला सरकणार? आकडे हळूहळू वर चढत गेले. इंग्रजीत याला 'एक्स्पोजर क्रीप' असं नावच पडलं. यात आळस किंवा बेफिकिरी नव्हती. चांगलं काम करायच्या इच्छेतूनच मात्रा वाढत होती. पडद्याच्या कोपऱ्यातला, प्लेटवर किती किरण पडले ते सांगणारा एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा वाचायला कुणी शिकवल्याशिवाय ती कळण्याची सोय नव्हती. दरम्यान १९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचं सीटी स्कॅन झालं होतं, मग एमआरआय आला. १९६५ मध्ये परीक्षा दिलेल्या माणसाच्या अभ्यासक्रमात यातलं अक्षरही नव्हतं.

उपचाराच्या बाजूला किंमत जास्त मोजावी लागली. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या मशीनने अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड मात्रा दिली. आधीच्या मशीनमध्ये चुकीचा बीम (किरणांचा झोत) अडवणारी यांत्रिक कुलपं होती. इथे तो भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' उमटायचं, पण त्याचा उलगडा माहितीपुस्तिकेत नव्हता. असे संदेश रोजचेच, म्हणून चालवणारा 'पी' दाबून पुढे जायचा. दोष अखेर सापडला तो टेक्ससमध्ये, मशीन चालवणाऱ्या व्यक्तीमुळेच. कुठली कळ कोणत्या क्रमाने दाबली ते आठवून तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर पुन्हा पुन्हा करून पाहिल्यावर उमगलं, की नोंद झटपट दुरुस्त केली की मशीन गोंधळतं. म्हणजे हात सराईत झाल्यावरच चूक घडत होती!

फ्रान्समधल्या एपिनालची गोष्ट आणखी साधी, म्हणून जास्त बोचते. २००४-०५ मध्ये तिथे प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या किमान २३ रुग्णांना जादा मात्रा गेली. बीमचा जोर एका बाजूला उतरता करायला पूर्वी धातूची पाचर लावत, ती काही किरण शोषून घेते. आता मशीनची झडपच सरकवून तोच परिणाम साधणारी 'डायनॅमिक वेज' आली. हिशेब धातूच्या पाचरीचा राहिला आणि उपचार नव्या पद्धतीने झाले, त्यामुळे शोषले जाणारे किरणही रुग्णाच्या अंगात गेले. सॉफ्टवेअर इंग्रजीत होतं, फ्रेंचमध्ये पुस्तिका नव्हती आणि प्रशिक्षण जेमतेम.

या काळात नियम बदलू लागले, तरी प्रत्येक नियम अमुक अपघातामुळे आला असं म्हणणं ओढूनताणून होईल. अमेरिकेत १९९५ पासून नोंदणी टिकवण्यासाठी दोन वर्षांत २४ क्रेडिट सक्तीचे झाले. ब्रिटनने २००६ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे तासांची अट नाही. शिकलेलं नोंदवून ठेवायचं आणि नियामकाने नमुना म्हणून निवडलं तर त्याचा कामाला काय उपयोग झाला ते लिहून दाखवायचं. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये राष्ट्रीय नोंदणी आली, त्यात तीन वर्षांत ६० तास ठरले. मला ब्रिटिश पद्धत पटते. तास मोजायचे म्हटले की मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्रं गोळा करायची शर्यत लागते, आणि व्याख्यानाला बसल्याची सही म्हणजे व्याख्यान कळल्याचा पुरावा नव्हे. अर्थात स्वतःच्या कामाबद्दल प्रामाणिकपणे दोन पानं लिहिणंही फार थोड्यांना जमतं.

शिकण्याहून विसरणं कठीण, हे शिशाच्या तुकड्याने दाखवलं. जननेंद्रियांवर शिसं ठेवायचं हा १९५०च्या दशकापासूनचा धडा, कॉलेजात गिरवून घेतलेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की ही सरसकट पद्धत आता थांबवा. मात्रा पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहे, तुकडा सरकून चित्रात दिसायला हवा तोच भाग झाकतो, आणि तो पुरेसे किरण पडले की ते आपोआप थांबवणाऱ्या सेन्सरवर आला तर मशीन मात्रा वाढवतं. म्हणजे ज्याला वाचवायचं त्यालाच जास्त.

पण मुलाला टेबलावर झोपवून बाप विचारतो, "मागच्या वेळी शिसं ठेवलं होतं, आज का नाही?" उत्तर द्यायला तिथे भौतिकशास्त्रज्ञ नसतो, एक्स-रे काढणाराच असतो, आणि बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला असतो.