जहरी सोनटक्का

जहरी सोनटक्का (शास्त्रीय नाव : ॲलमांडा कॅथार्टिका, कुल : ॲपोसायनेसी) ही पिवळ्याधमक, नरसाळ्यासारख्या फुलांची सदाहरित विषारी वेल. ती मूळची ब्राझील व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली. सुरीनाममधून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसकडे बी पाठवणारे आलामां यांच्यावरून 'ॲलमांडा' या प्रजातीला नाव मिळाले. लिनीअसने जातीचे वर्णन १७७१ मध्ये केले. 'कॅथार्टिका' म्हणजे रेचक, जुलाब करणारी.

खऱ्या सोनटक्क्याशी तिचे काही नाते नाही. तो आल्याच्या कुलातला, पांढऱ्या सुवासिक फुलांचा. विदर्भातल्या खेड्यांत ही वेल फाटकावरच्या कमानीवर, कवेलूच्या घराच्या अंगणात दिसते. रोपवाटिकेतून ती 'अलमंडा' म्हणून येते आणि मराठी नावातले जहर वाटेतच गळून पडते.

पाने तुकतुकीत, टोकदार, बहुधा तीन-चारच्या मंडलात, म्हणजे एकाच पेऱ्याभोवती गोलाकार. वेलीला ताणे नसतात. त्यामुळे ती आपणहून चढत नाही, सुतळीने बांधावी लागते. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबले की मुळे कुजतात. म्हणून खड्ड्यात मुरूम-रेती घालतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पाण्यावाचून ती मलूल होते, पाऊस पडताच पुन्हा फुलावर येते. लागवड फाटे कलमाने, म्हणजे फांदीचे तुकडे लावून होते.

सर्व भागांत पांढरा चीक असतो. तो अंगाला लागल्यास खाज व पुरळ येते. पोटात गेल्यास ओकाऱ्या आणि हगवण लागते. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत.

घोटाळा होतो तो बिट्टीशी, म्हणजे पिवळ्या कण्हेरीशी. कुल एकच, रंग एकच, चीकही तसाच. पण बिट्टी हे झुडूप. तिची पाने अरुंद, एकाआड एक, फळ गुळगुळीत आणि आत टणक आठळी. पोरे बिट्ट्या खेळतात त्या याच. जहरी सोनटक्क्याचे फळ काटेरी असते, पण बागेत क्वचितच धरते. हा फरक जिवावरचा आहे : बिट्टीचे विष थेट हृदयाची लय बिघडवते, थोड्या बियांनीही माणूस दगावू शकतो. म्हणून पोराने पिवळे फूल किंवा बी खाल्ल्याचे कळले, की दवाखान्यात जाताना त्या झाडाची पानाफुलांसकट फांदी सोबत न्यावी. नुसते 'पिवळे फूल' सांगून डॉक्टरांना काही उमगत नाही.